८५८ टीबी सरकारी डेटा जळाला, बॅकअप नव्हता: ‘स्टोरेज स्लो होतं’ हे कारण पटतं का?

२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारच्या डेटा सेंटरमध्ये आग लागली. यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम पाचव्या मजल्यावर चालू होतं आणि त्यातच एका बॅटरीने पेट घेतला. आग पूर्ण विझवायला जवळपास २२ तास लागले. ९६ सिस्टीम थेट जळाल्या आणि खबरदारी म्हणून सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद कराव्या लागल्या. पोस्टापासून मोबाइलवरच्या ओळखपत्रापर्यंत सगळं अडकलं.

पण मोठा धक्का बसला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. जळालेल्या सिस्टीममध्ये ‘जी-ड्राइव्ह’ होता. नावावरून गूगल ड्राइव्ह वाटेल, पण याचा गूगलशी काही संबंध नाही. हा कोरियन सरकारचा स्वतःचा ड्राइव्ह, सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइल्स ठेवण्यासाठी केलेला. माणशी ३० जीबी जागा. केंद्र सरकारचे सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो खरोखर वापरत होते. त्यात एकूण ८५८ टीबी डेटा होता, आणि त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

का नव्हती? कोरियन अधिकाऱ्यांच्या हवाल्याने जे कारण छापून आलं त्याचा मतितार्थ असा: हे ‘मोठ्या क्षमतेचं पण कमी परफॉर्मन्सचं’ स्टोरेज होतं, त्यामुळे त्याचा बाहेर बॅकअप ठेवता आला नाही.

बहुतेक बातम्या या वाक्यावरून पुढे सरकल्या. सोशल मीडियावर “अरे, बॅकअप नाही घेतला?” असे मीम्स फिरले. पण मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण एखादं स्टोरेज इतकं स्लो असू शकतं का, की त्याची कॉपीच काढता येऊ नये? आणि तसं असेल, तर ते स्टोरेज फाइल्स ठेवायला चाललं तरी कसं? सव्वा लाख लोक रोज त्यावर काम करत होते ना?

याचं उत्तर हवं असेल तर नेटवर्कवरच्या फाइल्स वाचल्या आणि लिहिल्या कशा जातात ते आधी बघायला लागेल. घाबरू नका, गणित आहे पण पाचवीतलं आहे.

फोल्डर इथे, डिस्क तिकडे

नेटवर्क फाइल सिस्टीम म्हणजे काय? तुमच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर दिसतो. तुम्ही त्यातली फाइल उघडता, बदलता, सेव्ह करता. प्रत्यक्षात ती फाइल दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या इमारतीतल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या मशीनच्या डिस्कवर असते. तुमच्या अॅपला याचा पत्ताही नसतो. त्याला वाटतं, आपण घरच्याच डिस्कशी बोलतोय.

ही कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस नावाची सिस्टीम बनवली, आणि तिच्या नव्या आवृत्त्या आजही जगभरच्या सर्व्हरवर चालतात. विंडोजच्या जगात हेच काम एसएमबी करतं. ऑफिसमधला ‘शेअर्ड ड्राइव्ह’ किंवा घरच्या राउटरला लावलेली हार्ड डिस्क जी फोनवरून दिसते, ती बहुतेक वेळा एसएमबीच असते.

गंमत अशी की या सिस्टीमचं सगळं कौशल्य अंतर लपवण्यात आहे. लपवलेलं अंतर गायब मात्र होत नाही. ते बिलात कुठेतरी निघतंच.

हे बिल तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी भरलंय. एक साधा प्रयोग आठवा. फोनमधला ३ जीबीचा एक सिनेमा वाय-फायवरून घरच्या कॉम्प्युटरवर टाकला, पटकन झाला. मग व्हॉट्सअॅपचा इमेजेस फोल्डर टाकायला घेतला. तोही ३ जीबीच. चहा झाला, अंघोळ झाली, तरी कॉपी चालूच. स्पीड टेस्ट करून बघितली तर वाय-फाय एकदम ठणठणीत. मग अडलं कुठे?

सिनेमा म्हणजे एक फाइल. इमेजेस फोल्डर म्हणजे साधारण दीडशे केबीच्या २०,००० फाइल्स. प्रत्येक फाइलसाठी तुमचं मशीन आणि पलीकडचं मशीन यांच्यात बोलणं होतं: या नावाची फाइल आहे का, मला परवानगी आहे का, नवी बनव, हा घे डेटा, झालं, आता बंद कर. समजा अशा पाच फेऱ्या. घरच्या वाय-फायवर एका फेरीला ५ मिलीसेकंद धरले तर एका फाइलमागे २५ मिलीसेकंद नुसतं वाट बघण्यात जातात. २०,००० फाइल्सना ५०० सेकंद. प्रत्यक्ष डेटा सेकंदाला ३० एमबी या वेगाने गेला तर त्याला लागतात जेमतेम १०० सेकंद. म्हणजे सिनेमा पावणेदोन मिनिटांत आणि फोटो दहा मिनिटांत. आता हाच सर्व्हर लांबच्या शहरात असेल आणि एका फेरीला ४० मिलीसेकंद लागत असतील, तर नुसती वाट बघण्यातच तासाच्या वर वेळ जातो. मग तुम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करा नाहीतर १००० चा, या तासात काही फरक पडत नाही. रस्ता कितीही रुंद केला तरी गावाचं अंतर तेवढंच राहतं.

म्हणून एक लक्षात ठेवा. ‘स्पीड’ ही एक गोष्ट नाही, दोन आहेत. एका सेकंदात किती डेटा जातो, ही एक. आणि एक प्रश्न विचारून उत्तर यायला किती वेळ लागतो, ही दुसरी. जाहिरातीत पहिली असते. तुमचा वेळ बहुतेक दुसरी खाते.

वाचणं सोपं का वाटतं?

कारण त्यात चलाखी करता येते. एकदा वाचलेली फाइल तुमच्या मशीनच्या मेमरीत ठेवली की दुसऱ्यांदा नेटवर्कवर जायलाच नको. याला कॅशिंग म्हणतात. तुम्ही फाइलचा पहिला तुकडा मागितला की सिस्टीम अंदाज बांधून पुढचे तुकडे आधीच आणून ठेवते. सर्व्हरकडे एकाच फाइलच्या तीन कॉप्या असतील तर तीन जण तीन ठिकाणांहून वाचू शकतात.

याची किंमत थोडीशीच असते, ती म्हणजे कधीकधी शिळी माहिती दिसते. लिनक्सवर एनएफएस वापरताना फाइलचा आकार, तारीख वगैरे माहिती नेहमीच्या सेटिंगमध्ये ३ ते ६० सेकंदांपर्यंत आपल्याजवळच ठेवली जाते. त्यामुळे शेजारच्याने फाइल बदलली तरी तुम्हाला क्षणभर जुनीच दिसू शकते. ऑफिसात “मी पाठवलंय रे” आणि “मला दिसत नाहीये” हा संवाद होतो ना, त्यात दर वेळी कोणी थापा मारत असतं असं नाही.

आता कोरियाकडे या. सव्वा लाख कर्मचारी रोज काय करतात? कालची फाइल उघडतात, दोन ओळी बदलतात, सेव्ह करतात. प्रत्येक जण आपल्या ३० जीबीपैकी दिवसाला फार तर काही एमबीला हात लावतो. बाकीचा डेटा वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. अशा वापरासाठी स्लो स्टोरेजही पुरतं. कॅश काम भागवून नेते आणि कुणाची तक्रार येत नाही.

बॅकअपचं काम मात्र याच्या अगदी उलट असतं. त्याला सगळंच्या सगळं वाचायचं असतं, प्रत्येक फाइल एकदाच, आणि तीही मुख्यतः कुणी वर्षभर न उघडलेली. कॅशचा इथे शून्य उपयोग. म्हणजे स्टोरेजचा खरा वेग पहिल्यांदा उघडा पडतो तो बॅकअपच्या वेळी. रोजच्या वापरात झाकून गेलेली कमजोरी नेमकी इथे दिसते. त्यामुळे ‘कामाला चालतं पण बॅकअप घेता येत नाही’ हे वाक्य ऐकायला विचित्र वाटलं तरी तांत्रिकदृष्ट्या अगदीच बिनबुडाचं नाही. इथपर्यंत मी कोरियन अधिकाऱ्यांच्या बाजूने आहे.

आता हिशेब करू

८५८ टीबी कॉपी करायला किती वेळ? घरच्या चांगल्या राउटरला असतं तसं १ जीबीपीएसचं कनेक्शन धरलं, तर सेकंदाला १२५ एमबी. सतत, न थांबता. ७९ दिवस लागतात. १० जीबीपीएस घेतलं, जे डेटा सेंटरमध्ये आज अगदीच साधं मानलं जातं, तर आठ दिवस.

पण नेटवर्क तयार असून उपयोग काय, पलीकडच्या डिस्कने डेटा द्यायला हवा. जी-ड्राइव्हमध्ये नेमकं कुठलं हार्डवेअर होतं यात आपण जाणार नाही. नुसत्या उदाहरणासाठी १६ टीबीच्या साध्या हार्ड डिस्क धरू. ८५८ टीबीला अशा ५४ लागतील. हार्ड डिस्क सलग वाचायला दिली तर सेकंदाला २०० एमबी आरामात देते. ५४ डिस्क एकत्र वाचल्या तर सगळा डेटा २२ तासांत बाहेर. एका दिवसाचं काम!

फक्त फाइल्स सलग नसतात ना. हार्ड डिस्कमध्ये आत एक तबकडी फिरते आणि एक काटा तिच्यावर इकडून तिकडे जातो, जुन्या ग्रामोफोनसारखा. वेगवेगळ्या ठिकाणचं वाचायचं तर त्या काट्याला दर वेळी हलावं लागतं, आणि सेकंदाला शंभर-दीडशे उड्यांपलीकडे त्याची मजल जात नाही. प्रत्येक उडीला १०० केबी मिळाले असं धरलं तर २०० एमबी देणारी तीच डिस्क १५ एमबीवर येते. मग ५४ डिस्कना मिळूनही १२ दिवस लागतात. आणि हे सगळं दिवसा सव्वा लाख लोक काम करत असताना. बॅकअपने डिस्क अडवली की त्यांचं काम रखडणार, फोन वाजणार, आणि कुणीतरी सांगणार: “ते बॅकअपचं रात्री करा.” रात्रीचंच करायचं तर १२ चे २५ दिवस.

बरं, पण सगळा डेटा रोज कॉपी करायचाच नसतो. एकदा पूर्ण कॉपी काढायची आणि मग रोज फक्त बदललेलं घ्यायचं. सव्वा लाख लोकांनी दिवसाला ५० एमबी बदललं असं सढळ हाताने धरलं तरी ६.२५ टीबी होतात. १० जीबीपीएसवर हे दीड तासाच्या आतलं काम.

इथे एक अडचण मात्र लपलेली आहे आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. काय बदललं हे कळणार कसं? स्टोरेजला तशी नोंद ठेवायची सोय नसेल तर बॅकअप सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलला विचारतं: “तू बदललीस का?” सरासरी फाइल १ एमबीची धरली तर ८५.८ कोटी फाइल्स. एकेकीला विचारायला १ मिलीसेकंद. एकामागून एक विचारत बसलं तर दहा दिवस, आणि तेही नुसते प्रश्न विचारण्यात, एक बाइटही कॉपी न करता. रोजचा बॅकअप आणि रोजच्या बॅकअपला दहा दिवस! हेच प्रश्न एकावेळी शंभर विचारले तर मात्र अडीच तासांच्या आत काम संपतं.

म्हणजे माझं मत विचाराल तर ‘परफॉर्मन्स कमी होता म्हणून बॅकअप शक्य नव्हता’ हे अर्धंच उत्तर आहे. अवघड होतं, महाग होतं, पहिली कॉपी काढायला आठवडे गेले असते, हे सगळं कबूल. अशक्य नव्हतं. स्लो असणं हा काही निसर्गाचा नियम नसतो. स्टोरेज विकत घेताना क्षमतेच्या रकान्यात मोठा आकडा बघितला जातो, आणि ‘हे पूर्ण वाचून काढायला किती दिवस लागतील’ असा रकानाच निविदेत नसतो. जगभरात कुठेही बघा, टीबीला पैसे मोजायला लोक तयार असतात, वेगाला नसतात. आणि एकदा ८५८ टीबी साठले की मग उशीर झालेला असतो.

दुसरं टोक: दोन मिनिटांत ८५८ टीबी

त्याच वर्षी, कोरियातल्या आगीच्या सात महिने आधी, चीनमधल्या डीपसीक या एआय कंपनीने आपली फाइल सिस्टीम सगळ्यांसाठी खुली केली. तारीख होती २८ फेब्रुवारी २०२५. तिचं नाव थ्रीएफएस. तिच्यासोबत त्यांनी एका चाचणीचे आकडेही दिले: १८० स्टोरेज सर्व्हर, प्रत्येकात १४ टेबीबाइटच्या १६ एसएसडी, प्रत्येकाला २०० जीबीपीएसची दोन नेटवर्क कार्ड. वाचायला ५०० हून जास्त मशीन. सगळ्यांचा मिळून वाचण्याचा वेग सेकंदाला ६.६ टेबीबाइट, म्हणजे आपल्या रोजच्या हिशेबात साधारण ७.२ टीबी.

या वेगाने जी-ड्राइव्हचा सगळा डेटा जेमतेम दोन मिनिटांत वाचून झाला असता.

तुलना अन्यायाची आहे, मान्य. एकीकडे कर्मचाऱ्यांच्या वर्ड फाइल्स, दुसरीकडे एआय मॉडेल शिकवण्यासाठी बांधलेलं यंत्र. २,८८० एसएसडी कोण सरकारी ड्राइव्हला लावणार? पण थ्रीएफएसच्या रचनेतल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली, त्यांनी वाचण्यासाठी कॅश ठेवलेलीच नाही. एआय मॉडेल शिकताना डेटाचे तुकडे कुठूनही, कसेही उचलले जातात आणि तोच तुकडा लगेच परत लागत नाही. मग कॅश कशाला? त्यांनी डोळे झाकून कच्च्या वेगावर भर दिला. सगळं वाचायचं आणि कॅशची मदत नाही, ही बॅकअपचीच तऱ्हा आहे. फरक एवढाच की डीपसीकचा धंदा त्या वाचनावर चालतो म्हणून त्यासाठी पैसे निघतात. बॅकअपवर कुणाचा धंदा चालत नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याबद्दलची, आणि ती मला जास्त आवडली. थ्रीएफएसमध्ये डेटाच्या अनेक कॉप्या वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. वाचताना त्यातली कुठलीही वाचली तरी चालते, म्हणून कॉप्या वाढल्या की वाचन वाढतं. लिहिताना मात्र साखळी आहे. डेटा पहिल्या सर्व्हरकडे जातो, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटच्यापर्यंत पोचल्याचा निरोप उलटा आला की मगच “लिहिलं” असं सांगितलं जातं. पंगतीत ताटं पुढे सरकवतात तसं, शेवटच्या माणसापुढे ताट आल्याशिवाय वाढपी पुढे जात नाही. म्हणजे कॉप्या वाढल्या की वाचणं फुकटात वेगवान होतं, पण लिहिण्याचं ओझं वाढतं. म्हणूनच अशा सिस्टीमच्या घोषणेत मथळ्यात येतो तो बहुधा वाचण्याचा आकडा. डीपसीकचाही तोच आला.

‘सेव्ह झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

लिहिणं म्हणजे वचन देणं आहे. तुम्ही सेव्ह दाबलं, सर्व्हरने “झालं” म्हटलं. पण झालं म्हणजे कुठे झालं?

व्हॉट्सअॅपच्या टिकसारखं बघा. सर्व्हरच्या मेमरीत डेटा पोचला, ही एक टिक. डिस्कवर पक्का लिहिला गेला, या दोन टिक. मेमरी वेगवान असते पण वीज गेली की रिकामी होते. डिस्क स्लो असते पण लाइट जाऊन आली तरी लिहिलेलं राहतं.

एनएफएसच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत नियम कडक होता. डिस्कवर लिहिल्याशिवाय सर्व्हरने “झालं” म्हणायचंच नाही. भरवसा पूर्ण, वेग रडका. १९९५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मधला मार्ग निघाला. डेटा पाठवत राहा, सर्व्हर तो मेमरीत घेत राहील, आणि शेवटी एकदा विचारा की सगळं डिस्कवर गेलं का. उत्तर येईपर्यंत तुमच्या मशीनने आपली कॉपी टाकायची नाही. मध्येच सर्व्हर बंद पडला तर तेवढं परत पाठवायचं. साधी युक्ती, पण तिच्यामुळे वेग कैक पटींनी वाढला आणि वचनही पाळलं गेलं.

आता याच्यातली पळवाट बघा. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरला ‘असिंक’ नावाची एक सेटिंग आहे. ती चालू केली की सर्व्हर डिस्कची वाट न बघताच दोन टिक दाखवतो. वेग एकदम उसळतो. पूर्वी लिनक्सवर हीच सेटिंग आपोआप चालू असायची. नंतर ती बदलून सुरक्षित पर्याय नेहमीचा केला गेला, कारण सर्व्हर अचानक बंद पडला की डेटा हरवायचा आणि वापरणाऱ्याला कळायचंही नाही. आजही ‘नेटवर्क ड्राइव्हचा स्पीड दहापट वाढवा’ छापाचे जे सल्ले दिले जातात, त्यातल्या बऱ्याचशांमागे हीच सेटिंग असते. स्पीड वाढतो हे खरं. तो कुठून आला हे सांगितलेलं नसतं.

पेन ड्राइव्ह काढण्याआधी ‘सेफली इजेक्ट’ का करायचं, याचंही उत्तर इथेच आहे. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली म्हणजे कधीकधी फक्त मेमरीपर्यंत पोचलेलं असतं.

आणि तुमचा फोन?

कोरियातली बातमी वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते २०१८ चं एक सरकारी मार्गदर्शक तत्त्व. कामाच्या फाइल्स ऑफिसच्या पीसीवर ठेवू नका, जी-ड्राइव्हवरच ठेवा, अशी त्यात सूचना होती. हेतू चांगला होता. पीसी चोरीला जातो, बिघडतो, त्याच्यातून माहिती फुटते. पण ज्यांनी ही सूचना सगळ्यात काटेकोरपणे पाळली, त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेमणुका बघणाऱ्या मंत्रालयाने सगळं काम जी-ड्राइव्हवरच ठेवलं होतं आणि त्यांना सगळ्यात मोठा फटका बसला.

आता आपला गूगल फोटोज उघडा. त्यात ‘फ्री अप स्पेस’ असं एक बटण आहे. बॅकअप झालेले फोटो ते फोनमधून काढून टाकतं. १२८ जीबीचा फोन भरला की आपण सगळे ते दाबतो. मीही दाबतो. दाबल्यानंतर त्या फोटोंची तुमच्या हातातली कॉपी संपते आणि नेटवर्कवरची तेवढी उरते. ‘बॅकअप’ हा शब्द तिथे तसाच लिहिलेला राहतो, पण आता तो बॅकअप नसतो, तीच मूळ प्रत असते. गूगलचं डेटा सेंटर उद्या जळेल असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडे एकाच फाइलच्या अनेक कॉप्या असतात. पण अकाउंट लॉक झालं, पासवर्ड गेला, किंवा चुकून डिलीट केलं आणि ट्रॅशची मुदत संपली, तर त्या अनेक कॉप्या एकदमच जातात.

मग दुसरी कॉपी आपण का ठेवत नाही? कारण तेच, कोरियावालं. स्लो आहे. १०० जीबी फोटो २० एमबीपीएस अपलोडवर चढवायला ११ तास लागतात, आणि मोबाइल डेटावर अपलोड बहुधा डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. घरच्या हार्ड डिस्कवर टाकायला गेलो तर २०,००० छोट्या फाइल्सची रडकथा. आपण एकदा सुरू करतो, अर्ध्यात कंटाळतो, आणि “वाय-फायची वाट बघत आहे” अशी सूचना महिनोन्महिने स्क्रीनवर राहते.

यावर दोन-तीन गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. छोट्या फाइल्सचा ढीग वाय-फायवरून पाठवण्याऐवजी आधी फोनमध्येच महिन्यावार झिप करा आणि मग ती एक मोठी फाइल पाठवा. फोटोंचा आकार झिपने कमी होत नाही, पण हजारो फेऱ्यांची एक होते. त्याहून सोपं म्हणजे केबल लावा, सगळं नेटवर्कच टळतं. कॉपी झाल्यावर पट्टीवर विश्वास न ठेवता पलीकडच्या पाच-दहा फाइल्स उघडून बघा, त्यातली एखादी शेवटची असू द्या. आणि एकदा तरी उलटा प्रवास करून बघा: गूगल टेकआउटमधून तुमचे सगळे फोटो परत मागवा आणि किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. जो आकडा येईल तो तुमच्या ‘बॅकअप’चा खरा वाचण्याचा वेग. माझा पहिला प्रयत्न दोन दिवस चालला आणि मध्येच तुटला.

दरम्यान स्टोरेज स्वस्त होईल अशी आशा सध्या ठेवू नका. एआयवाले मेमरी आणि एसएसडी मिळेल तिथून उचलतायत. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे माल मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळवता येईल. वेगवान स्टोरेज महाग झालं की सरकारं असोत की आपण, पुन्हा मोठं आणि स्लोच घेणार.

कोरियात पुढे काय झालं? अंतिम मंजुरी मिळालेले अहवाल वेगळ्या सरकारी सिस्टीममध्येही जात होते, त्यामुळे ती सिस्टीम सुरू झाली की ते मिळतील असं सांगण्यात आलं. बाकी मसुदे, तक्ते, टिपणं यांच्यासाठी कर्मचाऱ्यांनी आपापल्या पीसीवर महिन्याभरात राहून गेलेल्या फाइल्स, मेलमध्ये कुणाला पाठवलेल्या अटॅचमेंट आणि कपाटातले कागदी प्रिंट गोळा करायला घेतले.